चिमटीत येते तीच चरबी निघते

आरशासमोर सरळ उभे राहा. पोट आत ओढू नका. बेंबीशेजारची कातडी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा. जेवढं चिमटीत आलं, तेवढ्याचाच लायपोसक्शनशी, म्हणजे नळीनं चरबी खेचून काढण्याच्या शस्त्रक्रियेशी, संबंध! चिमटीत जेमतेम काही येतंय आणि ढेरी मात्र घट्ट पुढं आलीय, अशी गत असेल, तर चरबी कातडीखाली नाहीच. ती स्नायूंच्या भिंतीपलीकडं, आतड्यांभोवती आणि यकृतात जाऊन बसलीय. तिथं सर्जनची नळी जात नाही, जाऊही नये.

‘वासर चांगलं की लेझर?’ हा प्रश्न आता लातूर-नांदेडातही बिनधास्त विचारला जातो. जाहिरातींत नावं तरी किती! वासर, लेझर, वॉटर-जेट, पॉवर-असिस्टेड, फोर-डी. पण मशिनीचं नाव ठरवण्याआधी चरबीचा पत्ता ठरवावा लागतो, आणि याच ठिकाणी सगळ्यात जास्त माणसं फसतात.

दोन डॉक्टर, एक आकडा

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय पत्रिकेत छापून आला. दोघं शेजारी-शेजारी उभे, दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. म्हणजे उंचीच्या हिशेबात दोघंही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दोघांच्याही आडनावाचं इंग्रजी आद्याक्षर एकच, म्हणून जगभरचे डॉक्टर याला ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ म्हणतात.

याची मुळं तर पाळण्यापर्यंत जातात. याज्ञिकांच्या चमूनं पुण्याजवळच्या खेड्यांमधली नवजात बाळं मोजली. वजन सरासरी २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हातापायांनी बारीक, पोटानं लहान, पण पाठीवरची चरबीची घडी जवळजवळ तिकडच्या बाळांइतकीच. वरून बारीक, आतून चरबीदार! म्हणूनच आपल्याकडं हातपाय काडीचे आणि पोट तेवढं सुटलेलं, असे कितीतरी पुरुष दिसतात. कंबरेची धोक्याची रेषाही आपल्यासाठी अलीकडं ओढलेली आहे : पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. टेप घ्या आणि मोजा. चिमटीत कमी आणि टेपवर जास्त आलं, तर तुमची वाट सर्जनकडं नाही, फिजिशियनकडं जाते.

दहा किलो काढले, साखर तिथंच

अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये डॉ. सॅम्युएल क्लाइन यांनी पोट सुटलेल्या १५ लठ्ठ स्त्रियांवर एक धाडसी अभ्यास केला. त्यांतल्या ७ जणींना मधुमेह होता. लायपोसक्शननं प्रत्येकीच्या अंगातून सरासरी नऊ ते साडेदहा किलो चरबी काढली. दहा-बारा आठवड्यांनी तपासण्या केल्या. रक्तदाब तोच, साखर तीच, कोलेस्टेरॉल तेच आणि इन्सुलिनचा परिणामही तेवढाच! २००४ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तेवढंच वजन कमी खाऊन आणि चालून उतरवलं असतं, तर हे सगळे आकडे हलले असते. कारण तेव्हा शरीर आतली चरबीही जाळतं, आणि उरलेल्या पेशीही लहान होतात.

म्हणून ‘शुगर कमी होईल म्हणून लायपो करतोय’ असं कुणी म्हणालं, तर त्याला प्रेमानं थांबवा.

वजनाचा हिशेबही ऐकून ठेवा. एका वेळी शरीरातून खेचलेला सगळा ऐवज, म्हणजे चरबी अधिक पाणी, पाच लिटरच्या वर गेला की त्याला ‘मोठं’ लायपोसक्शन म्हणतात आणि रुग्णाला रात्रभर देखरेखीखाली ठेवण्याची शिफारस आहे. चरबी पाण्यापेक्षा हलकी, एक लिटर म्हणजे साधारण ९०० ग्रॅम. म्हणजे पाच लिटर निखळ चरबी धरली तरी साडेचार किलो, आणि ती निखळ कधीच नसते. हे ऑपरेशन वजनाचं नाही, आकाराचं आहे. व्यायाम करूनही कमरेच्या बाजूला, मांडीच्या आत किंवा हनुवटीखाली हट्टानं बसून राहिलेली चरबी असते ना, तिच्यासाठी ते आहे.

नर्तकीचा पाय, पाठीवरची गाठ

चरबी काढण्याची हौस जुनी आहे. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये शार्ल दुजारिए नावाच्या सर्जननं एका नर्तकीच्या गुडघ्यांजवळची चरबी धारदार खुरपीसारख्या हत्यारानं खरवडून काढायचा प्रयत्न केला. मोठी रक्तवाहिनी दुखावली, पाय सडला आणि शेवटी कापावा लागला. पुढची पन्नासएक वर्षं या वाटेला फारसं कुणी गेलं नाही.

१९७० च्या दशकात रोममध्ये अर्पाद आणि जॉर्जो फिशर या बापलेकांनी पोकळ नळी आणि खेच यांचा मेळ घातला. मग १९७७ मध्ये पॅरिसच्या इव्ह-जेरार इलूझ यांच्याकडं पाठीवर चरबीची मोठी गाठ असलेली एक बाई आली. गाठ काढा, पण मोठा व्रण नको, असा तिचा आग्रह. इलूझ यांनी छोट्याशा छिद्रातून बोथट टोकाची नळी घातली आणि गाठ ओढून घेतली. सगळी गोम त्या बोथट टोकात होती. धार नसल्यामुळं चरबी सुटते, पण शिरा आणि नसा बाजूला सरकतात. इलूझ यांच्या नळ्या सेंटिमीटरभर जाड असत. आज बहुतेक ठिकाणी दोन ते चार मिलिमीटरच्या वापरतात.

खरी क्रांती केली ती पाण्यानं

मशिनींच्या जाहिराती खूप होतात, पण लायपोसक्शन सुरक्षित झालं ते एका साध्या मिश्रणामुळं. सुरुवातीच्या ‘कोरड्या’ पद्धतीत नळीतून येणाऱ्या ऐवजात २० ते ४५ टक्के रक्तच असायचं. कॅलिफोर्नियातले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. जेफ्री क्लाइन यांनी १९८७ मध्ये वेगळी रीत मांडली. भरपूर सलाईन घ्यायचं, त्यात सुन्न करणारं लिग्नोकेन अगदी पातळ करून टाकायचं, जोडीला चिमूटभर अॅड्रेनालिन आणि थोडा सोडा. हे पाणी चरबीत इतकं भरायचं की तो भाग टम्म फुगला पाहिजे. अॅड्रेनालिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, कातडी पांढरीफटक पडते. ती पडेपर्यंत सर्जन थांबतो. मग नळी घालतो. रक्त जवळजवळ एक टक्क्यावर आलं! या पद्धतीला ‘ट्युमेसंट’ म्हणतात. आज नाव कुठलंही असो, वासर, लेझर की पॉवर, बहुतेक सगळ्यांच्या तळाशी हेच पाणी असतं.

एरवी अॅड्रेनालिनसोबत लिग्नोकेनची मर्यादा वजनाच्या किलोमागे ७ मिलिग्रॅम सांगतात. जेफ्री क्लाइन यांनी १९९० मध्ये या पद्धतीसाठी ३५ मिलिग्रॅमपर्यंतचा डोस सुरक्षित असल्याचं दाखवलं, कारण औषध चरबीतून फार सावकाश रक्तात उतरतं. पण त्यातच एक मेख आहे. रक्तातलं प्रमाण सगळ्यात वर जातं ते साधारण बारा तासांनी. सकाळी दहाला ऑपरेशन झालं, तर रात्री दहाला! तेव्हा रुग्ण कुठं असणार आहे, हे आधी ठरलेलं हवं. जिभेला मुंग्या, कानात गुणगुण, तोंडात धातूची चव, गरगरणं यातलं काहीही झालं तर झोपेवर ढकलू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा.

टेबलावर जाण्याआधी रुग्णाला उभं करून कातडीवर पेननं गोल-गोल रेषा काढतात, कारण आडवं झालं की चरबी सरकते आणि उंचवटे दिसेनासे होतात. ऑपरेशन सुरू झालं की उजवा हात नळी मागं-पुढं चालवतो, आणि डावा पंजा कातडीवर पसरलेला असतो. नळीचं टोक किती खोल आहे, कातडीच्या फार जवळ तर आलं नाही ना, एकाच जागी जास्त तर खेचलं जात नाही ना, हे डाव्या हाताला कळतं. जाणते सर्जन म्हणतात, खरं ऑपरेशन डावा हात करतो. कातडीला खड्डे पडतात ते या हाताकडं दुर्लक्ष झाल्यामुळं, मशीन जुनी असल्यामुळं नव्हे.

मग मशिनी कशासाठी?

पॉवर-असिस्टेडमध्ये नळी स्वतःच बारीक थरथरते. सर्जनचा खांदा कमी दुखतो, वेळ वाचतो, आणि मोठा भाग करायचा असेल तर याचा खरा उपयोग होतो. वासर म्हणजे अल्ट्रासाउंड. ध्वनिलहरींनी चरबी आधी सैल करायची, मग खेचायची. ही कल्पना इटलीच्या मिकेले झोक्की यांनी आधी रुजवली, आणि वासर ही तिची पुढची, जास्त सौम्य पिढी. पाठ, पुरुषांची छाती किंवा पूर्वी एकदा लायपो झालेली जागा अशा ठिकाणी तंतू चिवट असतात, तिथं वासरचे पैसे वसूल होतात. मात्र ध्वनिलहरींसोबत उष्णता आलीच. लहरी सोडणारा प्रोब एका जागी रेंगाळला तर भाजतं, आणि ऑपरेशननंतर आत पाणी साठण्याचा त्रासही होऊ शकतो.

लेझरला अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळाली. हनुवटी, दंड अशा लहान जागांसाठी ते बरं, कारण कातडी थोडी आवळायला मदत होते. ‘थोडी’ हा शब्द अधोरेखित करा. रेडिओफ्रीक्वेन्सीचंही तसंच. वॉटर-जेटमध्ये पंख्याच्या आकाराच्या फवाऱ्यानं चरबी सुटते, पेशी कमी चिरडल्या जातात. म्हणून काढलेली चरबी अंगात दुसरीकडं भरायची असेल तेव्हा काही सर्जन ही पद्धत निवडतात.

फोर-डी, सिक्स-पॅक वगैरे हा शिल्पकामाचा प्रकार. स्नायूंच्या कडेनं चरबी कोरून रेषा उठवतात. जो आधीच काटक आहे त्याला शोभतं. ज्याचं वजन पुढं वाढणार आहे, त्याच्या पोटावर त्याच रेषा विचित्र फुगतात. माझं स्पष्ट मत सांगतो : विशी-पंचविशीतल्या पोरांनी यात पडू नये.

कुल्फीनं शिकवलेला धडा

सुई नाही, भूल नाही, फक्त थंडी! १९७० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नोंदवलं की बर्फाची कांडी चोखणाऱ्या तान्ह्याच्या गालातली चरबी सुजून घट्ट झाली आणि पुढं ती जागा बसली. हिवाळ्यात बरणीतलं तूप थिजतं आणि शेजारचं पाणी तसंच राहतं, तसंच हे. चरबी पाण्याच्या आधी गोठते. हाच धागा धरून हार्वर्डच्या डिटर मॅनस्टीन आणि रॉक्स अँडरसन यांनी कातडीला इजा न करता आतली चरबी गोठवण्याची पद्धत काढली. २०१० मध्ये अमेरिकेत कमरेच्या बाजूंसाठी तिला परवानगी मिळाली. मेलेल्या पेशी शरीर दोन-तीन महिन्यांत सावकाश उचलून नेतं. छोट्या वळीसाठी ठीक, ढेरीसाठी नाही.

पण क्वचित उलटंही होतं. गोठवलेली जागा बारीक होण्याऐवजी घट्ट होऊन वाढते! कॅनडाची जगप्रसिद्ध मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा हिनं २०२१ मध्ये हा अनुभव जाहीर केला, तेव्हा कुठं हे सर्वसामान्यांना कळलं. अशी वाढ कमी करायला शेवटी बऱ्याचदा लायपोसक्शनच करावं लागतं.

पोराची छाती, आईचं पोट

लातूरमध्ये शिकवणीसाठी आलेल्या मुलांचं वय सोळा ते अठरा. याच वयात कितीतरी मुलांची छाती थोडी वर येते. शर्ट सैल घालणं, पोहायला न जाणं, मित्रांत खांदे पाडून बसणं सुरू होतं. घरी फोनवर कोण सांगणार? आईबापांनो, हे समजून घ्या. वयात येताना संप्रेरकांमुळं असं होतं आणि बहुतेकांचं एक-दोन वर्षांत आपोआप ओसरतं. टिकून राहिलंच, तर स्तनाग्रामागं बोट दाबून पाहतात. मऊ असेल तर चरबी, घट्ट चकती लागली तर ग्रंथी. चरबी नळीनं निघते, ग्रंथी कापूनच काढावी लागते. नुसती चरबी खेचून ग्रंथी तशीच ठेवली तर मुलाला पुन्हा टेबलावर जावं लागतं. आणि त्याआधी तो काही औषधं किंवा जिममधली पावडर-इंजेक्शनं घेतो का, हे विचारलंच पाहिजे.

दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईचं पोट लटकतं, त्याची गोष्ट वेगळी. कातडी ताणून सैल झालेली, पोटाचे उभे स्नायू मधोमध फाकलेले. इथं लायपो एकटं केलं तर आतली भर निघते आणि रिकामी कातडी आणखी लोंबते. तिला लागते अॅब्डोमिनोप्लास्टी : जास्तीची कातडी काढायची, स्नायू शिवून जवळ आणायचे. व्रण मोठा राहतो, पण प्रश्न सुटतो. बेंबीला हर्निया आहे का, हेही आधी बघून घ्यावं, कारण त्या फटीतून नळी आत शिरली तर आतड्याला इजा होते. ही तपासणी आणि सोनोग्राफी लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत किंवा नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही करून घेता येते.

अणुबॉम्बनं मोजलेल्या पेशी

मोठेपणी चरबीच्या पेशींची संख्या फारशी बदलत नाही. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी हे २००८ मध्ये दाखवलं, आणि तेही कसं! शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळं हवेत वाढलेला कार्बन-१४ माणसांच्या पेशींत उतरला होता. त्यावरून त्यांनी पेशींचं वय काढलं. दरवर्षी सुमारे दहा टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात.

मग नळीनं काढलेल्यांचं काय? अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये लायपो झालेल्यांचा वर्षभर पाठपुरावा केला. मांड्या बारीकच राहिल्या, पण एकूण चरबी भरून आली, आणि ती मुख्यतः पोटावर. ब्राझीलमध्ये २०१२ साली आणखी बोलका निकाल आला. पोटाचं लायपो झालेल्या ज्या स्त्रियांनी व्यायाम केला नाही, त्यांची आतली चरबी सुमारे दहा टक्क्यांनी वाढली. ज्यांनी व्यायाम केला, त्यांची वाढली नाही. बाहेरची काढून आतली वाढवायची, हा सगळ्यात महागडा तोटा. निलंगा राईस जरूर खा, पण ऑपरेशननंतर बांधलेला पट्टा सुटला की चालणं सुरू झालं पाहिजे.

नाक पुण्याचं, ओठ लातूरचे

प्लास्टिक सर्जरी म्हणजे परदेशी श्रीमंतांचं खूळ, असा समज आपण तरी बाळगू नये. टिपूच्या सैन्यानं पकडून नाक आणि एक हात कापलेल्या कावसजी नावाच्या मराठा बैलगाडीवानाला १७९३ च्या सुमाराला पुण्यात नवं नाक मिळालं. कपाळाची कातडी खाली वळवून ते करणारा माणूस विटा पाडणाऱ्या समाजातला होता. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकिकत छापली, ती वाचून कार्प्यू या इंग्रज सर्जननं पुढं तिकडं तसंच ऑपरेशन केलं, आणि युरोप ते शिकला. देशातला प्लास्टिक सर्जरीचा पहिला स्वतंत्र विभागही महाराष्ट्रातच, नागपूरच्या सरकारी मेडिकलमध्ये, डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ मध्ये उभा केला.

आणि लातूर! रेणापूर तालुक्यातल्या माकेगावच्या लहाने कुटुंबातले डॉ. तात्याराव डोळ्यांसाठी सगळ्यांना माहीत आहेत. त्यांचे बंधू डॉ. विठ्ठल लहाने लातुरात प्लास्टिक सर्जन आहेत, आणि दुभंगलेल्या ओठांच्या हजारो मुलांवर त्यांनी मोफत शस्त्रक्रिया केल्या आहेत. मराठवाड्यातल्या कित्येक घरांना प्लास्टिक सर्जन म्हणजे काय, हे आपल्या लेकराच्या चेहऱ्यावरून कळलं.

लायपोसाठी डॉक्टर निवडताना हीच पदवी पाहा : प्लास्टिक सर्जरीतलं एमसीएच किंवा डीएनबी. जोडीला भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभागाची सोय हवी. २०२२ मध्ये बंगळुरूत चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर २१ वर्षांची एक अभिनेत्री दगावली. अशी बातमी वाचली की मशीन कुठली होती हे विचारू नका, जीव वाचवण्याची सोय काय होती ते विचारा.

बिल आणि बस

सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो. जन्मजात व्यंग, अपघात किंवा इजा यांमुळं बिघडलेलं शरीर पूर्ववत करायचं असेल तर लागत नाही. आरोग्य विमाही सौंदर्याच्या लायपोचे पैसे देत नाही. तेव्हा सांगितलेल्या रकमेत कर, भूल, पट्टा आणि पुन्हा थोडी दुरुस्ती करावी लागली तर तिचा खर्च धरलाय का, ते लेखी घ्या.

आता मराठवाड्यातल्या माणसासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बरेच जण पुण्या-हैदराबादला ऑपरेशन करतात आणि सुट्टी वाचवायला त्याच रात्री ट्रॅव्हल्सनं परत निघतात. पुणे-लातूर सात-आठ तास. एक, लिग्नोकेन रक्तात चढण्याची हीच वेळ. दोन, पहिले एक-दोन दिवस छिद्रांतून लालसर पाणी झिरपत राहतं. कपडे, चादरी भिजतात, ते अपेक्षितच असतं. पण नुसतं पाणी की ताजं रक्त, हे बसच्या अंधारात कळणार कसं? तीन, पाय न हलवता बसलं की पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुप्फुसात जाऊ शकते. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळातल्या जवळपास पाच लाख लायपोसक्शनची पाहणी झाली, त्यात ९५ मृत्यू आढळले, आणि त्यांचं पहिलं कारण हीच गुठळी.

तेव्हा निदान पहिले काही दिवस त्याच गावात पाहुण्यांकडं किंवा लॉजवर राहा. त्याच संध्याकाळी आधार घेऊन खोलीतल्या खोलीत चाला. निघायची परवानगी मिळाली की दिवसाची गाडी धरा, दर तासाला उतरा, पाणी प्या. एका पायाची पोटरी सुजली, दुखली किंवा दम लागला, तर घर गाठायची वाट पाहू नका, रस्त्यातल्या पहिल्या मोठ्या दवाखान्यात शिरा. आणि गर्भनिरोधक गोळ्या, सिगारेट, रक्त पातळ करायच्या गोळ्या, घरात कुणाला पूर्वी झालेली गुठळी, हे सगळं ऑपरेशनची तारीख ठरण्याआधी डॉक्टरांना सांगा, सासूबाई शेजारी बसलेल्या असल्या तरी.